दाराची पट्टी

"मेस्त्री, चपला इथंच काढा. पुढं गुडघाभर चिखल हाय," फौजदार वाघमोडे म्हणाले.

मी चपला काढल्या, विजार वर दुमडली आणि त्यांच्या मागून धरणाच्या पोटात उतरलो. ब्याण्णव सालचा मे महिना होता. आंबेओढ्याचं धरण बांधल्यापासून इतकं कधी आटलं नव्हतं. वर घाटाचा रस्ता, खाली भेगा पडलेली जमीन, मग ओला गाळ, आणि गाळात ती गाडी. नाक खाली, शेपूट वर. खिडक्यांपर्यंत गाळ भरलेला. म्हशी धुवायला आलेल्या माणसांना आधी तिचा टप दिसला होता.

सकाळी उद्यमनगरात माझ्या गॅरेजवर हवालदार आला तेव्हा एवढंच म्हणाला होता, "परदेशी गाडी हाय. मागं पळणाऱ्या घोड्याचं चित्र हाय. असल्या गाडीचं काम केलेला माणूस आता तुमीच उरलाय म्हणं." घोडा म्हटल्यावर त्याचं पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही.

मस्टँग. आमच्या भागात तसल्या दोनच गाड्या होत्या. एक थोरवे कंत्राटदारांची. दुसरी त्यांच्या बहिणीच्या यजमानांची, निपाणीच्या खराडे तंबाखूवाल्यांची. थोरवेंची गाडी जोतीराम चालवायचा. तो माझ्या बायकोचा, हौसाचा, थोरला भाऊ. त्र्याहत्तर साली दिवाळीच्या आधी तो ती गाडी घेऊन, मी तेव्हा कामाला होतो त्या गॅरेजातून निघाला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

मी वळून काठाकडे बघितलं. हौसा आणि वैनी तिथं उभ्या होत्या. मी घरी काही सांगितलं नव्हतं, पण बातमी एसटीनं माझ्या आधी पोचली होती. वैनी म्हणजे जोतीरामची बायको, इंदूबाई. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एकोणीस वर्षांत ते कुंकू एक दिवस चुकलं नव्हतं.

उतरायच्या आधी हौसानं मला गाठलं होतं.

"दादाचीच हाय का ओ?"

"बघितल्याबिगर कसं सांगू?"

वैनी तिच्या मागं होती. ती म्हणाली, "दाजी, नीट बघा. साहेब घाई करतील. तुमी घाई करू नका."

थोरवेंनी तेव्हा चोरीची फिर्याद दिली होती. जोतीरामनं गाडी गोव्यात विकली, तिथं दुसरं घर केलं, हॉटेल काढलं, असं लोक बोलायचे. कुणी त्याला मडगावच्या बाजारात बघितलं होतं, कुणी वास्कोला. वैनीच्या मुलीचं लग्न दोनदा ठरून मोडलं. दुसऱ्या वेळी तर पाहुणे तोंडावर म्हणाले की चोराची पोरगी आम्हाला नको. तिशी जवळ आली तरी ती आईबरोबर पापडाच्या कारखान्यात जात होती.

म्हणजे गाळातली गाडी थोरवेंची निघाली तर जोतीराम चोर नव्हता, पण मेला होता. खराडेंची निघाली तर तो जिवंत असेल, आणि चोरच असेल. काठावरच्या दोघींना हे कळत होतं. मलाही कळत होतं. माझं आणखी एक होतं, ते पुढं सांगतो.

वाघमोडे गाडीजवळ थांबले आणि काखेतली फाईल उघडली.

"ही त्र्याहत्तरची फिर्याद. वाळवीनं निम्मी खाल्लीया. गाडीचा नंबर गेला, चेसिस नंबर गेला. ऱ्हायलंय ते एवढंच, पांढरा रंग, बनावट मार्च एकोणीसशे सहासष्ट. आनि खराड्यांच्या पोराला काल इचारलं. त्यो म्हणतो, आमची ऑक्टोबर पासष्टची. कागुद न्हाई, पण आमचं वडील सारखं म्हणायचं म्हणून ध्यानात हाय."

ते खरं होतं. मीही ते ऐकलं होतं. खराडे थोरवेंना चिडवायचे, "मेव्हणं, माझी गाडी तुमच्या गाडीपेक्षा पाच महिन्यांनी थोरली. रस्त्यात दिसली की पाया पडायला सांगा." नंतर खराडेंचा धंदा बसला, त्यांनी गाडी गोव्याच्या कुणा माणसाला बिनकागदाची देऊन टाकली. पुढं ती कुठं गेली हे कुणालाच माहीत नव्हतं.

"म्हणजे महिना सांगायचा," मी म्हणालो.

"महिना सांगा आनि मोकळं व्हा. नंबरप्लेटा तर कुजून गेल्यात."

अमेरिकन गाडीत चालवणारा डाव्या बाजूला बसतो. त्याच्या दाराच्या कडेला, कुलपाच्या वर, ॲल्युमिनियमची पट्टी रिबीट मारून बसवलेली असते. गाडी कुठं बनली, कधी बनली, रंग कुठला, सगळं तीवर ठोकलेलं असतं. गावातल्या चार गड्यांनी दाराभोवतीचा गाळ फावड्यानं ओढला. पहारीनं दार वीतभर उघडलं. आतला गाळ सांडला नाही. भिंतीसारखा घट्ट उभा होता. त्या भिंतीकडे मी बघितलं नाही. पट्टी कपड्यानं पुसली, रॉकेल लावून पुन्हा पुसली.

लोखंड सडलं होतं, पट्टी शाबूत होती.

मी नंबर वाचत गेलो, हवालदार वहीत लिहीत गेला. शेवटी तारखेच्या जागी आलो. माझा अंगठा तिथं होता. तो मला उचलवेना.

"वाचा की," वाघमोडे म्हणाले.

"अठरा के."

"म्हणजे?"

"तारीख अठरा. महिन्याला अक्षर असतंय. जानेवारी ए, फेब्रुवारी बी, असं."

वाघमोड्यांनी बोटं मोजली. "के अकरावं आलं. म्हणजे नोव्हेंबर. ह्यो तिसराच महिना कुठनं काढला?"

"आय धरत न्हाईत साहेब. एक आकड्यासारखा दिसतो म्हणून सोडत्यात. के म्हणजे ऑक्टोबर. पट्टीवर मॉडेल सहासष्टचं हाय, पर त्यांचं गाडीचं वर्ष आदल्या ऑगस्टातच लागतंय, म्हणून हा ऑक्टोबर पासष्टचा."

"अठरा ऑक्टोबर पासष्ट." वाघमोड्यांनी फाईल मिटली. "म्हणजे खराड्यांची. गोव्याच्या माणसानं काय तरी भानगड केली आनि दिली ढकलून. बेवारस माल. विषय संपला. हवालदार, पंचनामा लिवा. मेस्त्री, तुमची सही."

ते काठाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "तुमची न्हवं बाई. दुसऱ्याची हाय गाडी."

हौसानं दोन्ही हात तोंडावर घेतले. मला लांबूनही कळलं की ती रडतेय.

आणि माझ्या अंगातून भीती उतरली. मी गाडीला टेकलो. तीन-चार मिनिटं मी त्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

का ते आता सांगतो. त्र्याहत्तर साली मी पंचवीस वर्षांचा होतो, गनीभाई उस्तादांच्या हाताखाली. थोरवेंच्या गाडीचा ब्रेक खाली जात होता. मागच्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधला रबरी वायसर गेला होता. त्या गाडीचा वायसर मुंबईतही मिळत नव्हता. उस्ताद मिरजेला गेले होते. जोतीराम घाईत होता, थोरवेंना धरणावरच्या बंगल्यातून आणायचं होतं. मी जीपचा वायसर घेतला, पॉलिश पेपरवर घासून लहान केला आणि बसवला. पायडल कडक लागलं. जोतीराम गाडीत बसला, दोनदा पाय दाबून बघितला आणि म्हणाला, "पाव्हणं, घाट चालंल का?"

मी म्हणालो, "चालंल की. मी केलंय नव्हं."

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. गाडीत काही दोष होता का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, काही नाही, ठणठणीत होती. ठणठणीत गाडी पडत नाही, म्हणून धरणाच्या पाण्यात कुणी बघितलं नाही. लोकांनी गोवा म्हटलं आणि मी मान डोलावली. हे मी हौसालाही सांगितलं नव्हतं. ती भावासाठी देवाला नवस बोलायची, मी तिच्या शेजारी हात जोडून उभा राहायचो. आतून मागणं एकच, तो गोव्यातच असू दे, चोर असू दे.

आणि आता पट्टी सांगत होती की ही ती गाडी नाही.

हवालदार पंचनामा लिहीत होता. मी दाराला धरून उभा होतो. पहार लागली होती तिथं रंगाचा पापुद्रा उडाला होता. वर पांढरा रंग होता, त्याच्या खाली लाल.

मी पुढं झालो आणि टपाच्या कडेला नखानं खरवडलं. वर पांढरा, खाली निळा.

मग मला ते आठवलं. आठवलं म्हणणं खोटं होईल. माझ्या डोक्यात ते कुठंतरी होतंच, मी तिकडं जात नव्हतो.

थोरवेंच्या मुलीच्या लग्नात दोन्ही गाड्या वरातीला हव्या होत्या. थोरवेंची निळी, खराडेंची लाल. दोन्ही पांढऱ्या करा असा हुकूम आला. मी दोन्ही गाड्यांची दारं काढली, घासली, रंगवली, भिंतीला ओळीनं उभी केली. चारी दारं पांढरी, एका मापाची. लग्नाच्या आदल्या दिवशी बसवली. संध्याकाळी जोतीराम किल्ली लावायला गेला तर लागेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की डावी दारं अदलाबदल झालीत. पुन्हा दारं काढायची तर बिजागऱ्या जुळवण्यात आणखी एक दिवस गेला असता आणि नवा रंग उडाला असता. मी दारं तशीच ठेवली आणि आतली कुलपं बदलली. अर्ध्या तासाचं काम. किल्ल्या लागल्या, वरात झाली, उस्तादांनासुद्धा कळलं नाही. कडेच्या पट्टीला कोण विचारतो?

दार ऑक्टोबरचं होतं. गाडी मार्चची होती.

"मेस्त्री, ह्या इथं," हवालदारानं वही आणि पेन पुढं केलं.

मी पेन घेतलं. हे जगात फक्त मला माहीत होतं. उस्ताद वारले होते. मी सही केली असती तर जूनमध्ये पाऊस, ऑगस्टात धरण भरलं असतं, आणि गाडी पुन्हा खाली गेली असती. मी मनाला सांगितलं की मी हे वैनीच्या कुंकवासाठी करतोय. बाईचं कुंकू पुसायला आपण कोण? हे कारण मला खूप बरं वाटलं.

"सही घरी जाऊन करणार काय?" वाघमोडे म्हणाले. "वरनं ऊन बघा."

तेवढ्यात दोघी खाली आल्या. हौसाचा चेहरा ओला होता पण हसरा होता. ती म्हणाली, "बघा वैनी, म्या सांगत नव्हते? दादा जिता हाय."

वैनीनं चिखलाच्या कडेला बसकण मारली.

"म्हणजे पळालाच म्हणायचा," ती म्हणाली.

"वैनी."

"लोक खरं बोलत हुते. म्या एकोणीस वर्सं भांडले लोकांशी." तिनं गाडीकडे बघितलं. "सकाळधरनं देवाला म्हणत हुते, हितंच असू दे. हौसाबाई, तुमचा भाऊ हाय, तुमाला राग येईल. पर हितंच असता तर बरं झालं असतं."

"काय बोलताय वैनी तुमी हे?"

"पोरीला सांगता आलं असतं. तुजा बा कुठं न्हवता गेला म्हणून."

माझं कारण गेलं. तिला ते कुंकू नको होतं. मी कुणासाठी सही करत होतो? फक्त माझी भीती उरली. मी बाजूला जाऊन ओकलो. वाघमोडे म्हणाले, "उन्हानं झालं असंल. पाणी द्या रं मेस्त्रींना."

मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "साहेब, इंजिन बघायला लागंल."

"आता आनि कशाला?"

"दार ह्या गाडीचं न्हाई."

वाघमोड्यांनी फाईल पुन्हा काखेतून काढली. "मग कुणाचं हाय? गाडी हितं आनि दार पाव्हणं आलंय व्हय?"

"बॉनेट उघडू दे. मग सांगतो."

गड्यांनी कुरकुर केली. नाक खाली असल्यामुळे पुढचा भाग सगळा गाळात होता. तासभर फावडी चालली. बॉनेट पहारीनं तोडलं. इंजिनावर गाळ थापून बसला होता. उजव्या अंगाला, स्टार्टरच्या वर, ओतकाम करतानाची तारीख असते. ती ठोकलेली नसते, लोखंडातच उठून आलेली असते, त्यामुळं गंजली तरी हाताला लागते. वाकून बघायला जागा नव्हती. मी पालथा झालो आणि खांद्यापर्यंत हात गाळात घातला.

बोटाला स्टार्टर लागला. वर सरकलो. पहिलं अक्षर गोल, खाली पोट. सहा. मी तिथंच थांबलो. पुढच्या अक्षरावर बोट न्यायला मला वेळ लागला. सरळ दांडी आणि पुढं दोन पोटं. बी. मग दोन, आणि पुन्हा दोन.

"सहा बी बावीस," मी तोंड चिखलाजवळ ठेवूनच म्हणालो. "बावीस फेब्रुवारी सहासष्ट. त्या दिवशी हे इंजिन ओतलंय. ऑक्टोबर पासष्टला बनलेल्या गाडीत फेब्रुवारी सहासष्टचं इंजिन कसं असंल?"

"बदललं असंल की इंजिन."

"मग अंगावरचा नंबर बघू."

बॉनेटच्या आत, डाव्या चाकावरच्या पत्र्याच्या कडेला, गाडीचा नंबर ठोकलेला असतो. दार बदलतं, इंजिन बदलतं, तो पत्रा गाडीचं अंग आहे. मी तिथं रॉकेल ओतलं, हवालदाराच्या वहीचं कोरं पान पत्र्यावर धरलं आणि पेन्सिल आडवी फिरवली. आरटीओला द्यायला आम्ही नेहमी काढतो तशी पेन्सिल प्रिंट. गंजानं दोन आकडे खाल्ले होते. बाकीचे पांढरे उठून आले.

वाघमोड्यांनी तो कागद आणि वही शेजारी शेजारी धरली. दारावर शेवटचे सहा आकडे एक लाख सत्तेचाळीस हजारांतले. पत्र्यावर दोन लाख अडुसष्ट हजारांतले.

"नंबर पुढं पुढं जातोय, साहेब. ही गाडी मागनं बनलीया. मार्चची हीच."

"आनि दार?"

मी सांगितलं. लग्न, पांढरा रंग, कुलपं, सगळं. बोलताना मी हौसाकडं बघत नव्हतो. वाघमोड्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मगाशी का न्हाई सांगितलं?"

"आठवलं न्हाई."

"सही करताना आठवलं व्हय," ते म्हणाले, पण पुढं ताणलं नाही. गड्यांना त्यांनी आत खणायला सांगितलं.

दुपार टळायच्या आत तो सापडला. स्टिअरिंगच्या मागंच होता. मी जास्त लिहीत नाही. हातातलं चांदीचं कडं काळं पडलं होतं. हौसा माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची नखं मला टोचत होती. वैनी एकटी चिखलातून पुढं गेली. रडली नाही. काठावर आता शंभरेक माणसं जमली होती. तिनं मागं वळून त्यांच्याकडं बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "बघा. गोवा बघून घ्या सगळ्यांनी."

कुणी पुढं आलं नाही. बरेच जण तिथूनच परत फिरले.

वाघमोड्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "पडली कशी गाडी?"

मी मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम काढायला घेतला. मला वाटलं होतं की आत बघितलं की कळेल, वायसर फाटला होता की नाही. ड्रम हातोडीच्या दुसऱ्या घावाला ढेकळासारखा फुटला. आत गंजाचा एक गोळा होता. तारीख दिवसापर्यंत सांगता आली, पण हे कधीच कुणाला सांगता येणार नव्हतं.

"ह्यातनं काय कळत न्हाई," मी म्हणालो. त्यांनी अपघात, कारण अज्ञात, असं लिहिलं. त्यावर मी सही केली.

दहावा झाल्यावर मी हौसाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी वायसरपासून सांगायला सुरुवात केली आणि "चालंल की" पर्यंत आलो. पोलिसांना काय म्हणालो तेही सांगितलं. तिचे हात सुपात तसेच राहिले. मला वाटलं, ती आता उठून माहेरी जाईल. माहेर तरी कुठं होतं? वैनीचं घर तेच तिचं माहेर.

"वैनीला सांगितलं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग मला आदी का सांगता? उठा. जाऊन या."

मी गेलो. वैनीनं कपाळ पुसलं होतं. एकोणीस वर्षं कुंकू होतं तिथली कातडी फिकट राहिली होती, मला तिकडं बघवेना. मी उंबऱ्याच्या आत पाय न टाकता सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, "दाजी, रोज कुंकू लावताना म्या त्याला शिव्या देत हुते. आरशात बघून. तू तिकडं मजा मार, तुजं वाटुळं होऊ दे. एकोणीस वर्सं. त्यो त्या चिखलात, आनि म्या असं बोलत हुते. आदी मला त्याच्याशी बोलून घेऊ दे. तुमचं मागनं बगू."

ते मागनं कधी आलं नाही. तिनं मला माफ केलं असंही म्हटलं नाही आणि येणं-जाणंही तोडलं नाही. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न झालं. मला तिनं मांडवात कामाला लावलं.

घरी परत आलो तर हौसा दारातच उभी होती. तिनं काय झालं ते विचारलं नाही. म्हणाली, "उद्यापास्नं एक करायचं. ज्या गाडीच्या ब्रेकला हात लावशीला, ती गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आदी जोतिबाच्या घाटातनं खाली आनायची. म्या शेजारी बसनार."

"येडी का काय तू?"

"म्या बसनार," ती म्हणाली.

आणि ती बसली. जीप, ॲम्बॅसिडर, मारुती, टेंपो, सगळ्यात. गॅरेजवर सांगावा धाडला की हातातलं काम टाकून यायची. पदर खोचून शेजारी बसायची, हात मांडीवर ठेवायची, समोर बघायची. गिऱ्हाइकं हसायची. कुणी म्हणायचं, मेस्त्रीबाई फिरायला निघाल्या. घाटाच्या पहिल्या वळणावर मी पायडलवर पाय ठेवायचो तेव्हा माझ्या मणक्यात गार पडायचं. हजार वेळा केलेलं काम असलं तरी. ती एक शब्द बोलायची नाही. खाली उतरलो की म्हणायची, "द्या आता." एवढंच. सव्वीस वर्षांत एकदाच एका टेंपोला तिनं "परत खोला" म्हटलं. मी खोललं. नळीला बारीक चीर निघाली.

गेल्या पौषात हौसा गेली. ताप आला आणि चार दिवसांत संपलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एक जण जीप घेऊन आला. जुनं गिऱ्हाईक. ब्रेक खाली जातोय म्हणाला. मी काम केलं, नवे वायसर घातले, पायडल कडक लागलं. जीप घेऊन मी घाटापर्यंत गेलो. वरून खालचा रस्ता दिसत होता. शेजारची जागा रिकामी होती. मी बराच वेळ इंजिन चालू ठेवून बसलो. मला उतरता येईना.

मी जीप वळवली, गॅरेजवर आणली आणि त्या माणसाला म्हणालो, "दुसरीकडं न्या."

"का ओ मेस्त्री? झालं न्हाई काम?"

"झालंय," मी म्हणालो. "पर चालंल का न्हाई ते मला सांगता येत न्हाई."